हेडलाइट आणि फॉग लाइटचे बल्ब घरच्या घरी बदलण्याची योग्य पद्धत

कोल्हापूरहून रात्री गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाकडे गाडी काढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते, ती म्हणजे उजेड पुरत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार वाढते, कारण मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही अशी भरलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच नजरेस पडते. मग दुसऱ्या दिवशी दुकानातून ‘सगळ्यांत पॉवरफुल’ बल्ब आणला जातो आणि घाईघाईत बसवला जातो. रस्ता होता तसाच अंधारा राहतो, समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. हे होते ते बहुधा कामाचा क्रम उलटा लागल्यामुळे. पुढे दिलेल्या क्रमात बल्बची खरेदी चौथ्या टप्प्यावर येते आणि तिच्या आधीचे तीन टप्पे गाळले तर पुढच्या कामाचा भरवसा देता येत नाही.

हा लेख हॅलोजन बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट असलेल्या बहुतेक गाड्यांत सुटा बल्ब नसतो, त्यामुळे तिथे बदलण्यासारखे घरी काही नाही. झेनॉन दिव्यांत ठिणगी पाडण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, म्हणून त्यांना घरी हात लावू नये. लेखात लांबच्या झोताला अप्पर आणि खालच्या झोताला डिपर हेच रुळलेले शब्द वापरले आहेत.

हाताशी ठेवायचे साहित्य: गाडीचे मॅन्युअल, मल्टिमीटर, फुलीच्या टोकाचा (स्टार) आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, स्वच्छ रबरी हातमोजे किंवा कोरा टिश्यू पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि कपाळावर बांधायची बॅटरी. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी कोणाकडून मागून आणता आली तर फार उपयोगी पडते. तिचे काम लगेच पहिल्याच टप्प्यात आहे.

टप्पा १: काहीही उघडण्यापूर्वी भिंतीवर खुणा करणे

जुना झोत भिंतीवर कोठे पडत होता याची नोंद नसेल, तर नवा बल्ब नीट बसला की नाही हे ठरवायला आधारच उरत नाही. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

१. गाडीची लांबी आणि तिच्यापुढे किमान ५ मीटर इतकी सपाट जागा आणि समोर भिंत निवडावी. अपार्टमेंटच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. लेव्हल नळीने मागच्या चाकापाशी, पुढच्या चाकापाशी आणि भिंतीच्या पायाशी पाण्याची जमिनीपासूनची उंची मोजावी. या तीन जागांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला तरी जागा बदलावी, कारण पुढे जे माप घ्यायचे आहे तेच मुळात ५ सेंटिमीटरचे आहे.

२. चारही चाकांत मॅन्युअलमध्ये दिलेली हवा भरावी, डिकीतले जड सामान उतरवावे, चालकाच्या जागी एका व्यक्तीला बसवावे आणि डॅशबोर्डवर झोत वरखाली करण्याचे बटण असल्यास ते शून्यावर ठेवावे.

३. गाडी भिंतीला जवळजवळ टेकेपर्यंत पुढे घ्यावी. हेडलाइटच्या काचेवर बल्बच्या मध्याशी बहुधा एक बारीक ठिपका किंवा वर्तुळ असते. दोन्ही दिव्यांच्या त्या मध्याची उंची आणि जागा भिंतीवर चिकटपट्टीने फुलीसारखी खुणावी.

४. स्टिअरिंग सरळ ठेवून, काचेपासून भिंतीपर्यंत ५ मीटर अंतर होईपर्यंत गाडी मागे घ्यावी. अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून डिपर लावावा आणि उजेड जिथे संपून अंधार सुरू होतो ती झोताची कापलेली रेषा दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने आखावी. जागा बंदिस्त असेल तर दारे उघडी ठेवावीत, इंजिनाचा धूर कोंडू देऊ नये.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डिपरच्या झोताचा उजवा भाग आडवा व खाली असतो आणि मध्यापासून डावीकडे तो तिरका वर चढतो. त्यामुळे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही आणि डावीकडची साइडपट्टी, सायकलवाला, पायी चालणारा हे लांबून दिसतात. रेषेला जिथे कोपरा पडतो ती जागा वेगळी खुणावी आणि सगळ्याचा फोटो काढून ठेवावा. एक बल्ब आधीच उडालेला असल्यास जो चालू आहे त्याचीच खूण करावी. निम्मा आधार तरी मिळतो.

टप्पा २: उजेड कोठे अडतो आहे ते शोधणे

बल्ब कमजोर आहे असे गृहीत धरण्यापूर्वी दोन जागा तपासाव्यात. त्या म्हणजे काच आणि वायरिंग.

काच पिवळट आणि खरखरीत झाली असेल तर कितीही चांगला बल्ब लावला तरी त्याचा उजेड काचेतच विखुरतो. ही काच प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते आणि उन्हाने तिच्यावरचा संरक्षक थर जातो. भोवतालचा रंग चिकटपट्टीने झाकून आधी १०००, मग २००० आणि शेवटी ३००० नंबरचा वॉटर पेपर सतत पाणी मारत फिरवावा आणि नंतर पॉलिशिंग कंपाउंड लावावे. त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा पारदर्शक थर दिला नाही, तर पिवळेपणा काही महिन्यांत परत येतो. दुकानात तयार किट घेताना हा थर त्यात आहे का, तेवढे पाहावे.

*इशारा:* दिव्याच्या आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरला कापड, बोट किंवा कानकोरणे लावू नये. त्यावरचा अॅल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की पुसता पुसताच निघून येतो. तो आधीच काळपट झाला असेल किंवा त्याचे पोपडे सुटले असतील तर पूर्ण दिवा बदलावा लागतो, बल्बवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आता वायरिंग. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो. १३.२ व्होल्टऐवजी बल्बला १२.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे फक्त एक व्होल्ट कमी पडला, तर उजेडाचा सुमारे चौथा हिस्सा जातो. जुन्या गाड्यांत हा एक व्होल्ट स्विच, गंजलेला कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरीचा सॉकेट) आणि ढिले अर्थिंग मिळून सहज खातात.

मोजण्याची रीत अशी. इंजिन चालू करून डिपर लावावा. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर धरावा, तेथे साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग बल्ब जोडलेला असतानाच कपलरच्या मागच्या बाजूने मीटरच्या सुया आत सरकवून तेथील व्होल्टेज पाहावे. कपलर काढून मोजणे ही यातली नेहमीची चूक आहे. वायरमधून करंट वाहत नसल्याने खराब वायरवरही मीटर पूर्ण आकडा दाखवतो आणि मोजणारा निर्धास्त होतो. बॅटरी आणि बल्ब यांच्यातला फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर तो सोडून द्यावा. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर आधी तो दुरुस्त करावा.

दुरुस्तीची सुरुवात साफसफाईने होते. कपलरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट साका धरलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, बारीक ब्रशने घासून तो काढावा. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथला रंग आणि गंज खरवडून बोल्ट पुन्हा घट्ट करावा. कोल्हापूर-सांगली भागात सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी हे काम विशेष काळजीने करावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या गाडीच्या सीटा नि मॅट धुऊन नव्यासारख्या दिसतात, पण कपलरच्या आत शिरलेला गाळ तसाच राहतो.

टप्पा ३: व्होल्टेज तरीही कमी असल्यास रिले

रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. साफसफाईने फरक पडला असेल तर हा टप्पा वगळावा. पडला नसेल तर हेडलाइटचे रिले किट हीच माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची सुधारणा आहे. कंपनीच्याच वॅटचा बल्ब पूर्ण व्होल्टेजवर लागला की अनेकांना ‘अपग्रेड’ची गरजच उरत नाही.

कल्पना सोपी आहे. बल्बचा करंट लांबच्या स्विचमधून न नेता थेट बॅटरीतून जाड वायरने आणायचा आणि मूळ वायरीने फक्त रिले चालू-बंद करायची. रिलेचा ३० नंबरचा पिन बॅटरीच्या प्लसला, ८७ नंबरचा पिन बल्बला, आणि ८५ व ८६ या पिनांपैकी एक मूळ कपलरला व दुसरा अर्थला जोडायचा. अप्पर आणि डिपर यांना स्वतंत्र रिले लागते. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज असलाच पाहिजे. तो नसेल आणि वायर कोठे घासली गेली तर आग लागू शकते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टर्मिनल दहा नंबरच्या पान्याने सोडवून बाजूला ठेवावे.

मूळ कपलरमध्ये बसणारे तयार किट घ्यावे. गाडीची वायर तोडून जोड मारला की वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो आणि पावसाळ्यात तो जोडच पहिल्यांदा गंजतो. काही गाड्यांत, विशेषतः काही जपानी बनावटीच्या, हेडलाइटचा स्विच प्लसच्या नव्हे तर अर्थच्या बाजूला असतो. दिवे बंद असतानाही कपलरवर प्लस दिसत असेल तर किट स्वतः न जोडता ते काम उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या ऑटो वायरमनकडून करून घ्यावे.

टप्पा ४: बल्बची निवड

जुन्या बल्बच्या पत्र्यावर किंवा बुडावर त्याचा प्रकार कोरलेला असतो. मॅन्युअल पाहून त्याची खातरजमा करावी, कारण आधीच्या मालकाने किंवा मिस्त्रीने चुकीचा बल्ब घासून-कापून बसवलेला असू शकतो.

एच४ या प्रकारात एकाच बल्बमध्ये अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची अशा दोन तारा असतात. एच७ आणि एच११ यांत ५५ वॅटची एकच तार असते. अप्परसाठी वेगळा बल्ब असणाऱ्या काही गाड्यांत एचबी३ हा ६० वॅटचा प्रकार असतो. फॉग लाइटसाठी एच८, एच११ किंवा एच१६ येतात. एच८ हा ३५ वॅटचा आणि एच१६ हा १९ वॅटचा असतो. हे तिन्ही दिसायला भावंडांसारखे असल्यामुळे जास्त वॅटचा बल्ब जबरदस्तीने बसवण्याचा मोह होतो. फॉग लाइटचा डबा लहान आणि पुष्कळदा प्लास्टिकचा असतो, तो त्या उष्णतेने आतून वितळतो.

दुकानात हमखास पुढे केल्या जाणाऱ्या तीन गोष्टींबद्दल माझे मत स्पष्ट आहे.

पहिली, १००/९० वॅटचे बल्ब. दोन बल्बांना डिपरवर साधारण ९ अँपिअरऐवजी १५ अँपिअर करंट लागतो. आधी कपलर तपकिरी पडतो, मग मऊ होतो, मग फ्यूज उडतो, आणि कोणीतरी शहाणा तिथे मोठा फ्यूज घालून देतो. त्यानंतर जळते ती वायर. हे बल्ब घेऊ नयेत.

दुसरी, निळसर काचेचे ‘व्हाइट’ बल्ब. निळा थर उजेडाचा काही भाग गाळतो, म्हणून डोळ्यांना पांढरे वाटले तरी रस्त्यावर पडणारा उजेड वाढत नाही आणि पावसात तर अधिकच कमी भासतो. त्यापेक्षा पारदर्शक काचेचे, तार अधिक आटोपशीर असलेले जास्त उजेडाचे बल्ब खरोखर उपयोगी आहेत. वॅट तेवढेच राहून त्यांचा झोत लांब जातो. त्यांचे आयुष्य मात्र साध्या बल्बपेक्षा कमी असते, हे मान्य करूनच ते घ्यावेत.

तिसरी, हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब. हॅलोजन दिव्याचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेचा उजेड, ती तार ठरावीक जागीच आहे असे धरून, घडवलेला असतो. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे झोत फुटतो. गाडीजवळचा रस्ता लख्ख उजळतो म्हणून चालकाला समाधान वाटते, पण जवळच्या त्या चकाकीमुळेच लांबचे कमी दिसते आणि कापलेल्या रेषेच्या वर गेलेला उजेड समोरच्याला आंधळा करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत कोणाचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळवलेला असणे बंधनकारक आहे. हॅलोजनच्या डब्यात घातलेला एलईडी ही अट क्वचितच पाळू शकतो.

*खरेदी करताना तपासावे:* खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलेले असावे, कारण ट्रकसाठीचे २४ व्होल्टचे बल्बही त्याच कपाटात असतात. वॅट जुन्याइतकेच असावेत आणि बल्बच्या पत्र्यावर वर्तुळातील ई आणि त्यापुढे आकडा असा मान्यतेचा शिक्का असावा. बल्ब नेहमी जोडीने घ्यावेत.

टप्पा ५: हेडलाइटचा बल्ब बदलणे

दिवे बंद, चावी काढलेली आणि इंजिन थंड असावे. आपोआप लागणाऱ्या दिव्यांचा स्विच ‘ऑटो’वर न ठेवता ‘ऑफ’वर आणावा. नुकताच बंद केलेला हॅलोजन बल्ब कातडी भाजेल इतका तापलेला असतो, म्हणून किमान अर्धा तास थांबावे. फक्त बल्ब बदलण्यासाठी बॅटरी सोडवण्याची गरज नसते. काही गाड्यांत डावीकडच्या दिव्यामागे हात जाण्यासाठी बॅटरी किंवा एअर फिल्टरची नळी बाजूला करावी लागते. तिथे हात कोंबून ओरबाडून घेण्यापेक्षा ते दोन बोल्ट काढणे शहाणपणाचे.

एच४ बल्बचा क्रम सविस्तर देतो, कारण सर्वांत जास्त चुका त्याच्यातच होतात.

१. कपलर सरळ मागे ओढून काढावा. वायर धरून ओढू नये. घट्ट बसला असेल तर डावीकडे-उजवीकडे किंचित हलवत काढावा.

२. रबराचे झाकण कडेच्या जिभेला धरून सोलल्यासारखे काढावे. त्याची वरची बाजू कोणती हे आधी पाहून ठेवावे, बहुतेक झाकणांवर तशी खूण असते.

३. आता बल्बला धरून ठेवणारी तारेची क्लिप दिसेल. ती खाचेत कशी अडकली आहे याचा फोटो घ्यावा. क्लिप आत दाबून, बाजूला सरकवून सोडवावी. ती एका टोकाला अडकलेलीच राहते, पूर्ण उपटायची नसते. वाकडी झालेली क्लिप पुढे बल्ब ढिला धरते.

४. जुना बल्ब सरळ बाहेर घ्यावा आणि लगेच नव्याशी ताडून पाहावा. पत्र्याच्या चकतीवरचे तीन कान सारखे नसतात, वरचा कान रुंद असतो. हे कान कोणत्या खाचांत बसले होते ते लक्षात घ्यावे.

५. नवा बल्ब पत्र्याला धरूनच खोक्यातून काढावा. काचेला बोट लागू देऊ नये. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर जळून चिकटतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर टिश्यूवर अल्कोहोल घेऊन काच पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

६. रुंद कान वर ठेवून बल्ब खाचेत सोडावा. योग्य जागी आला की तो आपसूक बसतो, जोर लावावा लागत नाही. जोर लागतो आहे याचा अर्थ कान खाचेवर चढला आहे.

७. झाकण लावण्यापूर्वी क्लिप बसवून बल्बची चकती चारही बाजूंनी पत्र्याला टेकली आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि बल्ब बोटांनी हलवून बघावा. तो तसूभरही हलता कामा नये.

या सातव्या पायरीवर एक मिनिट जास्त घालवावे. एच४ च्या आत डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते आणि खालचा उजेड अडवून झोताची कापलेली रेषा तीच तयार करते. बल्ब एका बाजूने उचललेला राहिला किंवा फिरला, तर वाटीही फिरते आणि डिपरचा उजेड अप्परसारखा वर जातो. रस्त्यावर डोळ्यांत घुसणाऱ्या कित्येक गाड्यांचा दोष बल्बमध्ये नसून असा अर्धवट बसवण्यात असतो.

८. रबराचे झाकण लावून त्याची कड सगळीकडे खोबणीत गेली आहे का ते बोट फिरवून पाहावे, मग कपलर टककन बसेपर्यंत दाबावा. एका बाजूचे काम पूर्ण करून, दिवा लावून पाहून, मगच दुसरी बाजू उघडावी.

एच७ ची पद्धत जवळजवळ हीच आहे. फक्त काही गाड्यांत बल्बबरोबर एक पत्र्याची किंवा प्लास्टिकची कडी बाहेर येते. ती बल्बचाच भाग समजून फेकून दिली जाते आणि मग नवा बल्ब बसत नाही. एच११ आणि एचबी३ डावीकडे पाव वळसा फिरवून निघतात. त्यांच्या गळ्यातील रबरी रिंग शाबूत आहे का तेवढे पाहावे.

टप्पा ६: फॉग लाइट

फॉग लाइटकडे बॉनेटमधून हात जात नाही. बहुतेक गाड्यांत चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे आवरण थोडे सोडवून किंवा बंपरच्या खालून तिथे पोहोचावे लागते. डावा फॉग लाइट काढायचा असेल तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवावे, म्हणजे डाव्या चाकाची पुढची बाजू आत जाते आणि कमानीत हात घालायला जागा होते. उजव्यासाठी याच्या उलट. आवरणाच्या पुढच्या भागातले तीन-चार स्क्रू आणि क्लिपा काढल्या की ते वाकवता येते. पूर्ण उतरवावे लागत नाही. गगनबावडा-राधानगरीकडे नेहमी फिरणाऱ्या गाड्यांत इथे लाल चिखलाचा थर असतो. तो आधी पाण्याने धुऊन, वाळवून मगच होल्डर उघडावा, नाहीतर तोच चिखल दिव्यात पडतो.

कपलरची जीभ दाबून तो काढावा, होल्डर डावीकडे पाव वळसा फिरवून बाहेर घ्यावा, नवा बल्ब काचेला हात न लावता बसवावा आणि उजवीकडे फिरवून घट्ट करावा.

*इशारा:* गाडीखाली शिरावे लागत असेल तर ती नुसत्या जॅकवर उभी करून डोके खाली घालू नये. भक्कम स्टँड नसतील तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्यावे.

रंगाविषयी थोडे. पिवळा फॉग लाइट धुके भेदून जातो असे छातीठोकपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात धुक्यात फरक पडतो तो दिव्याच्या खालच्या जागेमुळे आणि वरून सपाट कापलेल्या रुंद झोतामुळे. पिवळ्या उजेडाची चकाकी अनेकांना सौम्य वाटते, तेवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. पावसाळ्यात आंबा घाटात किंवा करूळ घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे डिपर आणि फॉग लाइट लावून, कडेचा पांढरा पट्टा धरून हळू चालावे. स्वच्छ हवेत फॉग लाइट बंद ठेवावेत, कारण ओल्या डांबरावरून त्यांची चकाकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

टप्पा ७: झोत जुळवणे

गाडी पुन्हा त्याच जागी, त्याच ५ मीटरवर, चालकाला बसवून उभी करावी आणि डिपर लावावा. एक दिवा पाहताना दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरावा. काचेवर कापड टाकून ठेवू नये, उष्णतेने काच खराब होते.

आता पहिल्या टप्प्यातल्या रेषांशी तुलना करावी. नवी रेषा जुन्या रेषेवर आली तर बल्ब बरोबर बसला आहे. एका बाजूची रेषा वर गेली, तिरकी झाली किंवा कोपरा पुसट झाला, तर अॅडजस्टमेंटच्या स्क्रूला हात लावायचा नाही. झाकण उघडून बल्ब पुन्हा बसवायचा. वाकड्या बसलेल्या बल्बचा दोष स्क्रूने झाकला की डिपर कसाबसा जागेवर आल्यासारखा दिसतो, पण अप्पर भलतीकडेच जातो, आणि पुढच्या वेळी बल्ब नीट बसल्यावर तोच झोत आभाळात पोहोचतो.

दोन्ही बल्ब नीट बसल्याची खात्री झाल्यावर मूळ झोतच चुकीचा होता असे दिसले, तरच स्क्रू फिरवावा. माप असे आहे: हेडलाइटवरच्या लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये १ टक्का, १.२ टक्के असा उतार दिलेला असतो. १ टक्का म्हणजे ५ मीटरवर दिव्याच्या मध्याच्या फुलीपासून ५ सेंटिमीटर खाली. रेषेचा उजवीकडचा आडवा भाग त्या उंचीवर यावा आणि कोपरा फुलीच्या सरळ खाली यावा. स्क्रू सहसा दोन असतात, एक उंचीचा आणि एक आडव्या दिशेचा. अर्धा वळसा फिरवावा, भिंतीकडे पाहावे, मग पुढचा अर्धा. एच४ मध्ये डिपर जुळला की अप्पर वेगळा जुळवायचा नसतो.

फॉग लाइटला बहुधा उंचीचा एकच स्क्रू असतो. त्याच्या झोताची वरची कड डिपरच्या रेषेच्या खालीच राहिली पाहिजे.

जोतिबाला किंवा कोकणात जाताना मागे तीन माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि जुळवलेला झोतही वर जातो. अशा वेळी स्क्रू न फिरवता डॅशबोर्डवरचे बटण मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर ठेवावे आणि परत आल्यावर शून्यावर आणावे.

पहिल्या रात्रीनंतरच्या तपासण्या

अर्धा तास दिवे लावून गाडी चालवल्यावर इंजिन बंद करून कपलरला मागून हात लावून पाहावा. तो कोमट असणे ठीक, पण हात ठेवता येत नसेल किंवा जळकट वास येत असेल तर आतली पकड ढिली झाली आहे आणि कपलर बदलावा लागेल. गाडी धुतल्यावर काचेच्या आत हलके धुके दिसून दिवा लावल्यावर ते विरत असेल तर काळजी नाही, कारण दिव्याला हवा खेळण्यासाठी छिद्रे असतात. पाण्याचे थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर रबराचे झाकण नीट बसलेले नाही. जुन्या जोडीतला चालू असलेला बल्ब नव्याच्या खोक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, घाटात तो उपयोगी पडतो.

एकाच बाजूचा बल्ब वारंवार उडत असेल तर आणखी एक बल्ब आणण्यापूर्वी त्या बाजूचे अर्थिंग, क्लिपची पकड आणि झाकणातली ओल पाहावी. दोन्ही बाजूंचे बल्ब लवकर जात असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्टेज मोजावे. आकडा १४.८ च्या वर जात असेल तर बिघाड अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये आहे. तो दुरुस्त होईपर्यंत चांगले बल्ब बसवू नयेत.